बीडला न जाणारी गाडी

१

पाटोद्याच्या दूध संघाची पांढरी अँबॅसिडर कुठेही जायची. डोंगरातल्या वाड्यांवर जायची, माजलगावकडच्या बागायती पट्ट्यात गुरांसाठी उसाचे वाढे मिळतात का ते पाहायला जायची, लग्नाला जायची आणि मयतालाही जायची. फक्त बीडला, तेही अडल्या कामासाठी जायचं म्हटलं, की ती फतकल मारून बसायची. त्या सोमवारी सकाळी तिने तिसऱ्यांदा फतकल मारली, आणि शहादेवच्या बारा वर्षांच्या नोकरीवर गदा आली.

सत्त्याऐंशी सालचा उन्हाळा होता. विहिरी कोरड्या, बंधारे कोरडे, आणि गुरांच्या पुढ्यात बाहेरच्या जिल्ह्यांतून ट्रकने येणारं गवत. ते गवत कुठल्या सहकारी संघाला किती द्यायचं, हे बीडला कलेक्टर कचेरीत ठरायचं. मागच्या दोन्ही वेळी मिस्त्री सापडून गाडी सुरू होईपर्यंत सभेची वेळ टळली, पाटोद्याचे चेअरमन पोचलेच नाहीत, म्हणून पाटोद्याच्या वाट्याला उरलंसुरलं आलं. आज दुपारी चारला शेवटची सभा होती. आज गवत हुकलं, तर तालुक्यातल्या म्हशी कसायाच्या दावणीला जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

चेअरमन चन्नप्पांना सगळे आप्पा म्हणायचे. कपाळाला भस्म, अंगात इस्त्रीचा सदरा, बोलणं कमी. वाटेत कपिलधारचं दर्शन घेऊन पुढे जावं, म्हणून ते सकाळीच निघाले होते. शहादेवने पाणी, तेल पाहून बॉनेट लावलं होतं. मग आप्पा नेहमीसारखे म्हणाले, "शहादेव, माझी पिशवी आत टेबलावर ऱ्हायली. आन बरं." तो पिशवी घेऊन परत आला, तोवर आप्पा मागच्या सीटवर जाऊन बसले होते.

शहादेवने किल्ली फिरवली. स्टार्टर खणखणीत फिरला, गाडीचं अंग हललं, पण इंजिन पेटलं नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. त्याने दिवे लावून पाहिले, लख्ख होते. हॉर्न वाजवला, तर संघाच्या छपराखालच्या म्हशी दचकल्या. म्हणजे बॅटरी ठणठणीत होती. टाकीत पेट्रोल होतं, ते त्याने सकाळीच काडी घालून पाहिलं होतं. मग हिला झालं तरी काय? तो खाली उतरला आणि स्टँडवरच्या जालिंदर मिस्त्रीला आणायला पळत सुटला.

जालिंदरला घेऊन तो परतला, तेव्हा आप्पा चौकाकडून चालत येत होते. गाडी बिघडली की ते चौकापर्यंत एकटेच जाऊन यायचे. डोकं थंड करायला जातात, असं सगळे समजायचे. जालिंदरने बॉनेट वर केलं, आत दोन-चार ठिकाणी बोटं लावली आणि म्हणाला, "मार." शहादेवने मारली. गाडी एका झटक्यात सुरू झाली.

आवारात जमलेली माणसं हसली. आप्पा हसले नाहीत. गाडी बंद करायला लावून त्यांनी हात पुढे केला.

"किल्ली दे."

"आप्पा?"

"तू मारली तं न्हाई, अन् ह्यानं बोट लावलं की चालू. तीनदा झालं. बीडला जायच्या दिवशीच होतं. तुला कुनी सांगितलं, काय सांगितलं, ते तुझं तुला ठावं." बोलताना त्यांची नजर व्हाइस चेअरमन निवृत्तीरावांवर गेली. निवृत्तीरावांना चेअरमन व्हायचं होतं, आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नव्हती. "म्हाळू टँकर घिऊन बाराला यील. आजपासून तो चालवील."

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "शेवटी..." आणि पुढचा शब्द गिळला. तो शब्द कोणता, हे शहादेवला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याने चार माणसांदेखत किल्ली आप्पांच्या हातावर ठेवली.

२

संघाच्या आवाराला लागूनच गुरांचा दवाखाना होता. शहादेव तिथल्या कडुलिंबाखाली जाऊन बसला. घरी जाऊन काय सांगायचं, हे त्याला सुचत नव्हतं.

"शहादेव, बसलास काय? इकडं ये, हिचं तोंड धर."

हे डॉक्टर उत्तरेश्वर. गुरांचे डॉक्टर, वय पन्नाशीचं आणि उत्साह विशीतला. कुठलीही भानगड कानावर आली की त्यांचे डोळे चमकायचे आणि बोलण्याला लगाम राहायचा नाही. समोर दगडाबाईंची शेळी खोकून खोकून बेजार झाली होती. शहादेवने तिचा जबडा धरला, डॉक्टरांनी लांब चिमटा घशात घातला आणि अलगद एक तार बाहेर ओढली. वीतभर लांब, बारीक, लोखंडी, एका टोकाला आकडा वळवलेली.

"लेकरू वाचलं माझं," दगडाबाई म्हणाल्या.

"मावशी, ही चरली कुठं?"

"चरायला हाय काय, डागदर? आत्ताच चौकात गेलती. तिथं कोन काय टाकतं, ते चघळती. धोतर वाळत घातलं तं तेबी खाती."

डॉक्टर हातातली तार निरखत उठले. त्यांनी कपाटातून काचेची एक बरणी काढली. जनावरांच्या पोटातून निघालेल्या वस्तूंचं ते त्यांचं संग्रहालय होतं. खिळे, कानातलं, फुटकं घड्याळ. त्यातून त्यांनी आणखी दोन तारा काढल्या आणि नव्या तारेशेजारी टेबलावर मांडल्या. तिन्ही सारख्या होत्या. तीच लांबी, तसाच आकडा.

"यातली एक भामाबाईच्या शेळीच्या घशातली. दुसरी ह्या मावशींच्याच बोकडाची, तो बिचारा गेला. आता मजा बघ, शहादेव. ती शेळी आणली त्या दिवशी मी ह्याच खिडकीतून तुला गाडी ढकलताना पाहिलं होतं. बोकडाच्या दिवशीसुद्धा. आणि आज परत."

शहादेवने सहज एक तार उचलली आणि तिचं सरळ टोक बोटाने चाचपलं. मग ती उजेडाकडे धरली. दुसरी पाहिली, तिसरीही पाहिली. तिन्हींच्या टोकाला बारीक काळा खड्डा पडला होता.

"डॉक्टर," तो सावकाश म्हणाला, "ह्या तारा करंटला लागल्यात. हे ठिणगीचं तोंड हाय. बॅटरीची तार घासली की असलंच पडतं."

डॉक्टरांनी टेबलावर थाप मारली. शेळी बिचकून दोन पावलं मागे सरली.

"म्हणजे गाडीचा रोग शेळीच्या पोटात सापडला. ऊठ. म्हाळू येईपर्यंत वेळ आहे. तू गाडीचं सांग, मी माणसांचं विचारतो."

३

जालिंदरचं गॅरेज म्हणजे स्टँडमागचं पत्र्याचं शेड. डॉक्टरांनी स्टुलावर बैठक मारली आणि थेट विचारलं, "जालिंदर, गाडीला तू करतोस काय, ते खरं सांग. तू हात लावलास की ती उठते. असलं औषध माझ्याकडं असतं तर मी मुंबईला गेलो असतो."

जालिंदरने शहादेवकडे पाहिलं, मग पान्ह्याकडे, मग पुन्हा शहादेवकडे. "शहादेव, तुझी नोकरी गेली म्हणून सांगतो बे. बाहेर बोलू नको." त्याने आवाज उतरवला. "मी काहीच करत न्हाई. तिन्ही डावाला काहीच केलं न्हाई. प्लगच्या वायरी दाबल्यासारखं करायचं, पाइंटावर फुंकर मारायची अन् 'मार' म्हणायचं. गाडी आपोआप चालू हुती. लोकं म्हणाली जालिंदरच्या हातात जादू हाय, तं मी कावून नको म्हनू?"

शहादेवला राग यायला हवा होता. पण त्याला इतकं हलकं वाटलं की तो हसलाच.

"काही वेगळं दिसलं? कुठं काही?" डॉक्टरांनी विचारलं.

"कॉइल गरम हुती. तिन्ही डावाला. गाडी तं चालूच झाली न्हवती, मंग कॉइल तापली कशानं, येवढं माझ्या डोक्यात आलतं. पन गाडी चालू झाली अन् मी सोडून दिलं."

बाहेर पडल्यावर डॉक्टरांनी शहादेवचा दंड धरला. "कॉइल म्हणजे काय, ते मला माझ्या भाषेत सांग."

"बॅटरीचा करंट लहान असतो डॉक्टर. कॉइल त्याला मोठा करती, मंग प्लगला ठिणगी पडती अन् पेट्रोल पेटतं. पन कॉइलमधून निघालेला करंट पाइंटापाशी सारखा तोडावा लागतो. तुटला तरच ठिणगी. कॉइलच्या त्या बाजूच्या नटाला अन् गाडीच्या पत्र्याला मधी काही लागलं, तं करंट तुटतच न्हाई, नुसता वाहत ऱ्हातो. मंग कॉइल तापती, ठिणगी मरती. स्टार्टरला त्याचं काही सोयरसुतक न्हाई, तो फिरतच ऱ्हातो."

"आणि त्या नटाला झाकण नसतं?"

"रबरी टोपी असती. आपल्या गाडीची कवाच उडाली. म्या दोनदा आणायला सांगितलं, पन संघाला आता टोपीचं पडलंय कुठं."

"म्हणजे एखादी तार पुरे."

"पुरे. पन म्या सकाळी बॉनेट उघडलं तवा तार न्हवती. जालिंदरनं उघडलं तवाबी न्हवती. मधल्या वेळात आली कुठून, अन् गेली कुठं?"

डॉक्टर चालता चालता थांबले. "गाय दावणीला धडपडत असते. मी औषध घेऊन पोचतो, तर ती उभी असते. अशा वेळी रोग गाईत नसतो, शहादेव. दाव्याचा फास बसलेला असतो, आणि माझ्या आधी कुणीतरी तो सोडलेला असतो."

४

निवृत्तीराव संघाच्या ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. डॉक्टरांना पाहून तेच आधी बोलले. "या. माझी जबानी घ्यायला आलात ना? घ्या."

"आप्पा बीडला पोचले नाहीत तर फायदा तुमचा."

"व्हय. मला चेअरमन व्हायचंय. उघड म्हनतो. पन डॉक्टर, माझ्या बारा म्हशी हायेत. त्या आप्पानं आनलेल्या गवतावर जगायच्या का माझ्या राजकारनावर? गवत आल्यावर मी आप्पाला खुर्चीवरून खाली वढीन. गवताच्या आधी वढलं तं खुर्ची ऱ्हाईल अन् संघाला दूध घालायला एक म्हैस ऱ्हानार न्हाई." ते शहादेवकडे वळले. "तुला मी कधी काही सांगितलं का बे?"

"न्हाई," शहादेव म्हणाला. ते खरंच होतं.

"मंग तसं आप्पाला सांग."

आप्पांचं घर आवाराच्या मागेच होतं. आप्पांच्या पत्नी शांतादेवी, ज्यांना सगळे आक्का म्हणायचे, दारात बसून खाटेची सुटलेली दोरी तारेने आवळत होत्या. शहादेवला पाहून त्यांचे डोळे भरले. "तुझ्यावर आळ घेतला, हे मला पटलं न्हाई बाबा. सकाळधरनं त्यांनी पानी सुदिक घेतलं न्हाई. तुला किती जपत्यात, तुला ठावं न्हाई."

डॉक्टरांची नजर तारेवर होती. "आक्का, ही तार कुठली?"

"गवताच्या गाठींची. गाठी सोडल्या की तार उरती. औंदा सगळा तालुका ह्याच तारेनं बांधलाय, डॉक्टर. कुपाटी तारेची, बादलीची कडी तारेची. दोरा घ्यायला कोन जातंय?" त्यांनी चौकटीकडे हात केला. "हितं लिंबू-मिरची बांधलं तं शेळ्या उड्या मारून खातात. मिरची सुदिक सोडत न्हाईत. फाल्गुनात गाडीच्या बंपरचं बी खाल्लं."

"बंपरचं कोण बांधायचं?"

"हेच बांधायचे. चांगल्या कामाला निघताना. आमच्या सासऱ्यांपासून हाय ते."

परत येताना डॉक्टरांची चाल मंदावली. हे जरा अवघड लक्षण होतं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. "तुझं आणि आप्पांचं कधी वाकडं आलं होतं?"

"कधीच न्हाई." शहादेव थांबला. "एकदा. पहिल्याच दिवशी. त्यांनी लिंबू माझ्या हातात दिलं, म्हनले, पुढं बांध. म्या म्हनलं, आप्पा, माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली अन् घरातला देव्हारा उचलला, तो माझ्यासाठीबी उचलला. गाडी जिवापाड सांभाळीन, पन हे माझ्या हातून व्हायचं न्हाई. मला वाटलं, लागली तशी नोकरी गेली. ते नुसतं 'बरं' म्हनले. मंग कधी सांगितलं न्हाई."

डॉक्टर ताडताड चालत गाडीपाशी गेले आणि त्यांनी बॉनेट उचललं. शहादेव चार हात लांबच उभा राहिला. किल्ली काढून घेतली होती, आता गाडीला हात लावायचा नाही, असं त्याने ठरवलं होतं. डॉक्टरांनी इंजिनात जवळजवळ डोकं घातलं, हुंगलं, कॉइलच्या कडेला काहीतरी चिमटीत उचललं आणि खिशात टाकलं. मग बॉनेटच्या आतल्या बाजूला, पत्र्याच्या पट्टीतल्या एका भोकावर, त्यांनी बोट फिरवलं.

"इथला रंग उडालाय. नवाच उडालाय."

"काय उचललंत तुमी?"

"सांगेन. सगळ्यांसमोर सांगेन. तुझी किल्ली सगळ्यांसमोर गेली ना?" त्यांनी बॉनेट लावून टाकलं. फाटकातून म्हाळूचा टँकर आत येत होता.

५

म्हाळू हातपाय धुऊन गाडीपाशी आला. पाण्याच्या टँकरला लागलेल्या बायका, डेअरीतली माणसं, निवृत्तीराव, जालिंदर, सगळं पाटोदं लोटलं होतं. शहादेवला निघून जावंसं वाटत होतं. डॉक्टरांनी त्याचा सदरा मागून धरून ठेवला होता.

आप्पा आले. गर्दीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "म्हाळू," किल्ली त्याच्या हाती देत ते म्हणाले, "माझी पिशवी आत ऱ्हायली. आन बरं."

शहादेवने चमकून डॉक्टरांकडे पाहिलं. तेच शब्द. म्हाळू आत गेला. आप्पा गाडीच्या पुढे गेले, त्यांनी बॉनेट वर केलं, काहीतरी केलं, आणि बॉनेट खाली दाबून ते मागच्या सीटवर जाऊन बसले. एवढं सगळ्या गावासमोर घडलं, आणि कुणाची पापणीही हलली नाही.

म्हाळू पिशवी घेऊन येऊन स्टिअरिंगमागे बसला. तेवढ्यात डॉक्टर पुढे झाले.

"म्हाळू, ही गाडी सुरू होणार नाही."

आप्पांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "डॉक्टर, अभद्र बोलू नका."

"अभद्र नाही, निदान. मार, म्हाळू."

म्हाळूने किल्ली फिरवली. स्टार्टर खणखणीत फिरला. गाडीचं अंग हललं. इंजिन पेटलं नाही. त्याने पुन्हा मारली, पुन्हा मारली, आणि कपाळाचा घाम पुसला. शहादेव तर गाडीपासून इतका लांब होता, की आता त्याच्याकडे कुणाला बोट दाखवता येईना.

आप्पा खाली उतरून बॉनेटकडे निघाले. डॉक्टर त्यांच्या आडवे उभे राहिले. "आप्पा, आता तुम्ही नाही. आज मी उघडतो." त्यांनी बॉनेट पूर्ण वर केलं. "मार."

गाडी एका झटक्यात सुरू झाली.

डॉक्टरांनी बॉनेट खाली लावलं. इंजिन फटफट करून मेलं. वर केलं, मारायला सांगितलं, सुरू झालं. खाली लावलं, मेलं. तिसऱ्या वेळेला मागची पोरं टाळ्या पिटायला लागली, आणि जालिंदर मिस्त्री तोंड उघडं टाकून बघत राहिला.

६

"इकडं या सगळे," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज आनंदाने चढला होता. "वर बघा. बॉनेटच्या आत."

पत्र्याच्या पट्टीतल्या भोकात आकडा अडकवलेली एक तार लोंबत होती. तारेत ओवलेलं एक टवटवीत लिंबू आणि सात हिरव्या मिरच्या. मिरच्यांखाली तारेचं बोटभर टोक मोकळंच होतं.

"बॉनेट उघडं असतं, तेव्हा हे वर जातं आणि कशाला लागत नाही. बॉनेट लावलं की बरोबर खाली येतं, कॉइलच्या उघड्या नटावर. शहादेव, पुढं तू सांग."

शहादेव चार पावलं पुढे आला. तो बोलायला लागला आणि त्याचा आवाज ठाम झाला. "तार वरून बॉनेटच्या पत्र्याला लागलेली. आकड्यानं रंग खरवडलाय, तिथं पत्रा उघडा पडलाय. खालून ती नटाला लागली की करंट परस्पर पत्र्यात जातो. प्लगला ठिणगी न्हाई. दिवे, हॉर्न, स्टार्टर सगळं ठीक. फक्त इंजिन पेटत न्हाई."

"दोऱ्यात ओवलं असतं, तर जन्मात काही झालं नसतं," डॉक्टर म्हणाले. "दोऱ्यातून करंट जात नाही. पण औंदा दोरा आहे कुणाकडं? आता दुसरं कोडं. गाडी महत्त्वाच्या दिवशीच का रुसायची? कुणाचा तरी डाव असणार, असंच सगळे म्हणाले. मीही म्हणालो असतो. पण महत्त्वाच्या दिवशीच गाडीत काय होतं, जे रोज नसतं? चांगल्या कामाला निघताना बांधायचं हे लिंबू. ज्या दिवशी काम अडलेलं, त्याच दिवशी ते बांधायचं, आणि बांधलं की गाडी बंद." त्यांनी खिशातून मिरचीचा एक सुकलेला देठ काढून तळहातावर ठेवला. "हा कॉइलपाशी पडला होता. जुन्या लिंबाचा. आणि बंद पडली की आप्पा ते लिंबू काढायचे, कारण दृष्ट त्याने घेतली, त्याचं काम झालं. मग ते चौकात टाकून यायचे. तोवर शहादेव जालिंदरला आणायला पळालेला असायचा. परत येईपर्यंत रोग गेलेला. आणि चौकातलं लिंबू खायला दगडामावशींची शेळी तयारच."

"आगं बया," दगडाबाई म्हणाल्या.

"अहो, पण हे कुणीच कसं पाहिलं नाही?" डॉक्टरांनी गर्दीकडे वळून विचारलं. "आप्पा बॉनेट उघडतात, लिंबू लावतात, काढतात. एवढी माणसं असतात आवारात."

संघाचा वॉचमन गोंधळून पुढे आला. "पाह्यलं की. तिन्ही डावाला पाह्यलं. लिंबू तं बांधतातच, डॉक्टर. त्यात सांगायचं काय?"

सगळ्यांनी पाहिलं होतं. एकट्या शहादेवने पाहिलं नव्हतं.

"पन आप्पा," शहादेव म्हणाला, "ते बंपरवरनं आत कावून नेलं? अन् माझ्या माघारी कावून?"

आप्पा गाडीला टेकून उभे होते. "शेळ्या खात हुत्या," ते म्हणाले. मग मान खाली घालून, "अन् तुला आवडत न्हाई. पहिल्या दिवशीच तू सांगितलं हुतंस. बंपरला बांधायचो, तवा तू दर डावाला तोंड फिरवून गाडीत बसायचास. मला दिसायचं ते. म्हनलं, आत बांधावं. तुझ्या डोळ्याआड ऱ्हाईल. तुझं मन ऱ्हाईल अन् माझंबी." त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "अन् तुझ्यावरच आळ घेतला."

शहादेवला एकाच वेळी रडू येत होतं आणि रागही येत होता. बारा वर्षं दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतलं होतं, आणि त्या सांभाळण्यापायीच सकाळी त्याची अब्रू गेली होती.

७

आप्पांनी म्हाळूकडून किल्ली मागून घेतली. शहादेवला बाजूला, चाकापाशी बोलावून त्यांनी ती हळूच पुढे केली. "चल. येळ हाय अजून."

शहादेवने हात मागेच ठेवले.

"आप्पा, घेताना सगळ्यांसमोर घेतली."

आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. मग ते गाडीसमोर जाऊन उभे राहिले आणि सभेत बोलतात तसे मोठ्याने बोलले. "ऐका. शहादेवनं काही केलं न्हाई. गाडी बंद पाडली ती म्या. दोन सभा हुकल्या त्या माझ्यापायी. सकाळी जे बोललो, ते चुकीचं बोललो." त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली. "अन् सकाळी मागनं 'शेवटी' म्हनून कोन अडखळलं, ते मला ऐकू आलतं. त्यानं आता वाक्य पुरं करावं."

कुणीच पुरं केलं नाही. निवृत्तीराव तंबाखूची पिंक टाकायला ओट्यामागे गेले, आणि आल्यावर म्हणाले, "निघा आता. भाषन बीडला करा."

शहादेवने दोन्ही हात पुढे करून किल्ली घेतली.

आप्पांनी बॉनेटमधून ते तारेतलं लिंबू काढून हातात घेतलं. ते टाकवेना आणि बांधवेना, अशा पेचात ते उभे होते. शहादेवने डिकी उघडली, पान्ह्यांच्या पेटीतून सुतळीचा तुकडा काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

"बांधायचं तं ह्यात बांधा, आप्पा. पुढं, बंपरला. माझ्यासमोर बांधा. मला ते पटत न्हाई अन् पटनारबी न्हाई. पन आपल्या दोघांत काही लपलेलं नको."

आप्पा गुडघ्यांवर बसले आणि सुतळीची गाठ मारू लागले. लिंबाला शहादेवने हात लावला नाही. पण दगडाबाईंची शेळी, घसा बरा होताच, मिरच्यांचा वास काढत तिथे हजर झाली होती. गाठ पक्की होईपर्यंत शहादेव गाडीपुढे उभा राहून तिला हाकत राहिला. डॉक्टरांनी चौथी तार आपल्या बरणीसाठी मागून घेतली.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. आप्पा मागे बसायला गेले, थबकले आणि पुढे येऊन शहादेवच्या शेजारी बसले. गाडी रस्त्याला लागली. इंजिन एका लयीत चाललं होतं आणि शहादेवला त्याचा आवाज गोड लागत होता. कपिलधारचा फाटा आला, तेव्हा आप्पा घड्याळाकडे पाहून म्हणाले, "थांबू नको. येळ न्हाई." त्यांनी बसल्या जागी हात जोडले. शहादेवने, न सांगता, गाडी जरा हळू केली.

कलेक्टर कचेरीच्या फाटकावर शिपायाने गाडी ओळखली. सभा अजून सुरू व्हायची होती. "पाटोदा आलं का?" तो म्हणाला. "आज कसं काय जमलं, चेअरमन साहेब?"

"माझा ड्रायव्हर आज बरोबर हाय," आप्पा म्हणाले, आणि पिशवी स्वतःच उचलून आत गेले.